कार्डावरचे पैसे आणि शुक्रवारचा बाजार

आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना हे वाचून आश्चर्य वाटेल. नवरा संगणक अभियंता, मुलगी तिसरीत, राहायला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे ईस्ट बेमध्ये. अशा घरानं बरेच महिने सरकारी अन्नमदतीवर भाजी आणि फळं खाल्ली. ही मदत कशी मागायची, मिळाल्यावर ती शेतकऱ्यांच्या बाजारात कशी वापरायची आणि तिथं तिचे दुप्पट पैसे कसे होतात, हे तेव्हा मला कुणीतरी मराठीत सांगायला हवं होतं. म्हणून मी लिहिते आहे.

२०२४मध्ये नवऱ्याची कंत्राटी नोकरी गेली. कॅलिफोर्नियात बेकारी भत्ता आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर मिळतो, आणि तोही साधारणपणे २६ आठवडेच. मी एका बालवाडीत अर्धवेळ मदतनीस. घरभाडं, गाडीचा विमा आणि विजेचं बिल भरलं की जे उरे, त्यात पोट भागवायचं. डाळ, तांदूळ, कणीक मोठ्या पिशव्यांनी भरून ठेवायची जुनी सवय असल्यामुळे ताटात भात नाही असा दिवस आला नाही. पण भाजी आठवड्यातून दोनदाच होऊ लागली. फळं फक्त मुलीच्या डब्यात जायची. महिनाअखेरीला वरण-भात, कांद्याचं पिठलं, बटाटा, पुन्हा वरण-भात. याला उपासमार म्हणता येत नाही, आणि म्हणूनच आपण अडचणीत आहोत हे कुणापुढे उघडही करता येत नाही.

मुलीच्या वार्षिक तपासणीला गेलो, तेव्हा बालरोगतज्ज्ञांच्या अर्जात दोन विधानं होती. गेल्या वर्षभरात पैसे हाती येण्याआधी घरातलं अन्न संपेल अशी काळजी वाटली का? आणलेलं अन्न संपलं आणि पुन्हा आणायला पैसे नव्हते, असं झालं का? पुढे तीन पर्याय: नेहमी, कधी कधी, कधीच नाही. दोन्ही ठिकाणी मी ‘कधी कधी’वर खूण केली. डॉक्टरीणबाईंनी अर्ज वाचला आणि मुलीचं वजन सांगावं तितक्याच सहजपणे त्या म्हणाल्या, ‘तुम्ही कॅलफ्रेशसाठी अर्ज करा. ही मदत तुमच्यासारख्यांसाठीच आहे.’ अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मोजणीनुसार २०२३मध्ये देशातली १३.५ टक्के घरं, म्हणजे सुमारे १ कोटी ८० लाख कुटुंबं, अन्नाच्या बाबतीत अशा अनिश्चिततेत होती. आपलं घर त्यांत आहे हे मला त्या खोलीत पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

कॅलफ्रेश म्हणजे देशभरात ‘स्नॅप’ या नावानं चालणाऱ्या योजनेचं कॅलिफोर्नियातलं नाव. जुनी मंडळी तिला अजून ‘फूड स्टॅम्प’ म्हणतात. अर्ज घरबसल्या करता येतो. ओळखपत्र, पगाराच्या पावत्या, भाड्याचा करार आणि बेकारी भत्त्याचा कागद जोडावा लागला. मग फोनवर मुलाखत झाली. मुलाखतीला दुभाषा मोफत मागता येतो. मी तो घेतला नाही, पण इथं मुलांकडे आलेल्या आई-वडिलांसाठी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रश्न रोखठोक होते. घरात किती माणसं एकत्र जेवता, उत्पन्न किती, भाडं किती. गाडी आहे म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. इथं उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या साधारण दुप्पट आहे आणि बहुतेक घरांची बचत किंवा गाडी मोजतच नाहीत. निर्णय ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो. घरात अगदीच काही नसेल तर तीन दिवसांत.

रक्कम ठरवण्याची पद्धत सरळ आहे. भाडं वगैरेंची वजावट करून जे उत्पन्न उरतं, त्याचा ३० टक्के भाग तुम्ही अन्नावर खर्च करू शकता असं धरतात, आणि कमाल रकमेतून तेवढे पैसे वजा करतात. तेव्हा तीन माणसांच्या घरासाठी महिन्याची कमाल रक्कम ७६८ डॉलर होती. माझा पगार धरून आम्हाला त्याच्या निम्म्याच्या आसपास मंजूर झाले. टपालानं कार्ड आलं, फोनवर पिन नंबर ठरवला, आणि किराण्याच्या दुकानात ते इतर कुठल्याही कार्डासारखंच चाललं.

यात एक गोष्ट आपल्या लोकांसाठी नीट सांगायला हवी. आम्ही दोघं तोवर अमेरिकेचे नागरिक झालो होतो. एच-१बी (नोकरीच्या) किंवा एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावरच्या प्रौढांना ही मदत मिळत नाही. ग्रीन कार्डवरच्या प्रौढांना सहसा पाच वर्षं थांबावं लागतं. पण इथं जन्मलेलं मूल नागरिक असतं आणि त्याच्यापुरता अर्ज आई-बाप करू शकतात. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ‘विक’ नावाची वेगळी योजना आहे. ती कुणाचा व्हिसा विचारत नाही. ज्यांची इमिग्रेशनची प्रकरणं चालू आहेत, त्यांनी अर्जाआधी एखाद्या मोफत कायदा मदत केंद्रात जरूर विचारावं.

कार्ड येईपर्यंतच्या आठवड्यांत आम्ही गरजूंना मोफत अन्न वाटणाऱ्या एका फूड बँकेच्या रांगेतही उभे राहिलो. तिथल्या स्वयंसेवकांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. त्यांनी कधी एक वावगा शब्द काढला नाही. पण खोका तयार भरलेला असतो. आमच्यासारख्या शाकाहारी घराला त्यातले माशांचे डबे शेजारी द्यावे लागत, आणि जे येईल त्यावर स्वयंपाक ठरे. खोका हातात घेताना मी मुलीकडे बघत नसे. भूक भागली, तरी घर चालवणाऱ्या बाईला आज काय करायचं हे स्वतः ठरवावंसं वाटतं, आणि ती इच्छा मला फालतू वाटत नाही.

शेतकऱ्यांच्या बाजाराबद्दल मला बालवाडीतल्या एका सहकारी बाईंनी सांगितलं. तिथे कार्ड चालतं, वर पैसे दुप्पट करून देतात. माझा विश्वास बसला नाही. शेतकरी बाजार म्हणजे महागड्या सेंद्रिय टोमॅटोंची आणि हातात कॉफी घेऊन फिरणाऱ्या लोकांची जागा, असं माझ्या डोक्यात बसलेलं. त्यांनी मला ओकलंड शहरातल्या ओल्ड ओकलंड भागातल्या शुक्रवारच्या बाजारात जायला सांगितलं. शुक्रवारी मला सकाळची सुट्टी असायची.

बार्ट या इथल्या लोकल रेल्वेच्या ट्वेल्थ स्ट्रीट स्टेशनातून वर आलं की थोड्याच अंतरावर नाइन्थ स्ट्रीटवर हा बाजार भरतो. ब्रॉडवे ओलांडला की चायनाटाउन, त्यामुळे सकाळी आठलाच चाकांच्या पिशव्या ओढत चिनी आज्या हजर असतात. त्यांची खरेदी बघण्यासारखी असते. एकेक पेंडी उलटून देठ बघतात, शेंग मोडून बघतात. मला मिरज बाजारात आईच्या मागून फिरल्याची आठवण झाली आणि मनावरचं दडपण बरंच उतरलं.

पद्धत अशी. आधी बाजाराच्या माहिती टेबलावर जायचं. कार्ड दाखवून किती पैसे काढायचे ते सांगायचं. यंत्रात कार्ड ओढून पिन टाकला की तेवढ्या किमतीची टोकनं मिळतात. त्याबरोबर ‘मार्केट मॅच’ची वेगळी कुपनं. दहा डॉलर काढले की वर आणखी दहा. ही जास्तीची रक्कम बाजारागणिक साधारण दहा ते पंधरा डॉलरांपर्यंत असते. टोकनांवर भाजी, फळं, अंडी, पाव, मध, बदाम काहीही घेता येतं. मॅचच्या कुपनांवर मात्र फक्त फळं आणि भाज्या. गरम तयार पदार्थ दोन्हींवर मिळत नाहीत. टेबलावरच्या बाईंनी हे सगळं मला न कंटाळता समजावलं आणि विचारलं, ‘कुठली भाजी शोधताय?’ गेल्या कित्येक महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

ही टोकनांची भानगड का, हे मला नंतर कळलं, आणि ते कळण्यासारखं आहे. पूर्वी फूड स्टॅम्प कागदी असत. ते शेतकऱ्याला हातात देता येत, नोटेसारखे. २००४पर्यंत सगळ्या राज्यांत कागद जाऊन कार्ड आलं. त्यात गैरव्यवहार कमी झाला, लोकांची लाजही कमी झाली, पण रस्त्यावर ताडपत्री टाकून बसणाऱ्या शेतकऱ्याकडे ना वीज ना फोनची तार. कार्ड ओढायचं कुठं? गरीब गिऱ्हाईक या बाजारांतून जवळजवळ बाहेर फेकलं गेलं. मग काही बाजारांनी मधल्या एका टेबलावर एकच यंत्र ठेवून टोकनं द्यायला सुरुवात केली. बाजार उठताना शेतकरी टोकनं जमा करतो आणि बाजार चालवणारी संस्था त्याला पैसे देते.

पैसे दुप्पट करण्याची कल्पना त्यानंतरची. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्यानं २००५मध्ये ‘हेल्थ बक्स’ कुपनं काढली. २००९मध्ये डेट्रॉइटमधून ‘डबल अप फूड बक्स’ सुरू झालं, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात मार्केट मॅच. आज बर्कलीचं इकॉलॉजी सेंटर मार्केट मॅच राज्यभर चालवतं. २०१४च्या शेती कायद्यानं अशा योजनांना केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला, आणि २०१८मध्ये त्या निधीला गस शूमाकर यांचं नाव दिलं गेलं. मॅसॅच्युसेट्सचे शेती आयुक्त राहिलेल्या या माणसानं भुकेलेलं घर आणि छोटा शेतकरी यांची एकत्र सोय लावण्यासाठी बरीच वर्षं घालवली. आपल्याकडे रेशनवर २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य मिळतं, आणि त्याचा आधार किती मोठा आहे हे मी गावात पाहिलं आहे. पण भाजीचं काय, हा प्रश्न तिथंही राहतोच. दर आठवड्याला भरणाऱ्या आपल्या बाजारांत रेशन कार्डावर भाजीची कुपनं मिळाली तर काय होईल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पहिल्याच दिवशी एका मोंग बाईंच्या टेबलापाशी मी थबकले. मोंग हे लाओसच्या डोंगराळ भागातले लोक. १९७५नंतर युद्धामुळे देश सोडून आलेली त्यांची अनेक कुटुंबं फ्रेस्नोच्या आसपास छोट्या जमिनी कसतात. टेबलावर कारली होती, दोडके होते, हातभर लांब चवळीच्या शेंगांच्या जुड्या होत्या, लाल माठ होता आणि एका टोपलीत शेवग्याचा पाला. इंडियन स्टोअरमध्ये हे सगळं मिळतं, पण कित्येकदा सुकलेलं, आणि माझ्या तेव्हाच्या हिशेबात न बसणारं. मी माठाच्या पेंड्या, कारली आणि शेंगा घेतल्या. रात्री लसूण-मिरचीवर माठ परतला. नवरा दोन पोळ्या जास्त जेवला. तो एरवी बोलका नाही, पण ‘पुढच्या शुक्रवारीही आण’ असं म्हणाला.

स्नॅपच्या टोकनांवर सुटे पैसे परत द्यायला परवानगी नाही. म्हणजे साडेतीन डॉलरच्या भाजीला चार टोकनं दिली तर अर्धा डॉलर परत नाही. पण त्या मोंग बाई मूठभर मिरच्या टाकून हिशेब पुरा करत. कधी कोथिंबीर, कधी गवती चहाच्या दोन काड्या. आपली भाजीवाली मावशी वर चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी टाकते, तसंच. त्यांचं इंग्रजी थोडं, माझं त्यांच्या भाषेचं ज्ञान शून्य, पण दोडक्याच्या शिरा कशा काढायच्या यावर आमची हातवारे करून चांगली चर्चा झाली. त्यांच्या मुलाला मी एकदा विचारलं, टोकनांचा त्रास होतो का? तो म्हणाला, शुक्रवारच्या कमाईचा मोठा भाग याच टोकनांचा आहे. चायनाटाउनमधले म्हातारे, आसपासच्या लॅटिन अमेरिकन बायका आणि माझ्यासारख्या. आम्ही नसतो तर एवढी कारली त्यांनी लावलीच नसती.

हे ऐकल्यावर माझं टेबलापाशी उभं राहणंच बदललं. माझ्या कार्डावरचा डॉलर फ्रेस्नोच्या शेतात पोचतो, त्यावर कुणाच्या तरी पाण्याचं बिल भरलं जातं. मी भाव विचारायला लागले, हे नको ते द्या म्हणायला लागले.

बाजार स्वस्तच असतो असं मी म्हणणार नाही. स्ट्रॉबेरी, अंडी, नावाजलेले पीच मोठ्या दुकानापेक्षा महाग पडतात. त्यांच्याकडे मी वळले नाही. अंडी आणि दूध कार्डावर दुकानातून, डाळ-तांदूळ इंडियन स्टोअरमधून, आणि बाजारातून फक्त पालेभाज्या, शेंगा, मुळे, कांदे, हंगामातलं एखादं फळ. बाजार उठायच्या अर्धा तास आधी गेलं की ढिगाचे भाव उतरतात, पण माठ तोवर संपलेला असतो, त्यामुळे मी सकाळीच जाई. हिवाळ्यात मोहरीचा पाला, मुळा, सलगम, संत्री. गिऱ्हाइकं बीट आणि मुळ्याचा पाला कापून मागतात आणि तो टेबलाखालच्या खोक्यात पडतो. मी एकदा विचारलं, हा घेऊ का? शेतकऱ्यानं पिशवी भरून दिली. मुळ्याच्या पाल्याची डाळ घालून केलेली भाजी आमच्या घरात तेव्हापासून पक्की झाली.

आणखी एक नियम मला फार आवडला. स्नॅपच्या पैशांवर अन्न देणारी रोपं आणि बियाणं घेता येतं. वसंतात मी टोकनं देऊन मिरचीची आणि टोमॅटोची रोपं घेतली. बाल्कनीतल्या त्या मिरच्या ऑक्टोबरपर्यंत पुरल्या. मुलगी रोज त्यांना पाणी घालायची आणि शाळेत सांगायची की आमची शेती आहे.

ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांना या बाजारात पोचणंच अवघड जातं. आठवड्यातला एकच दिवस, सकाळचे काही तास, आणि तेव्हाच बहुतेकांचं काम असतं. बार्टचं भाडं वेगळं. पाटीवर ‘मार्केट मॅच’ लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ माहीत नसलेला माणूस समोरून निघून जातो. आमच्या इमारतीतल्या एक काकू, सोलापूरकडच्या, मुलाकडे राहत होत्या आणि मुलाचं काम गेल्यापासून स्वतःचं खाणं कमी करत होत्या. मी त्यांना ६० वर्षांवरच्या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी असलेल्या बाजार-कुपनांबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अगं, मला म्हातारीला इथं कोण काय देणार? आणि फुकटचं घेतलं म्हणून पोराला कुणी बोललं तर?’ मी म्हटलं, ‘काकू, फुकटचं नाही. तुम्ही कुपन देणार, शेतकरी भाजी देणार.’ ज्येष्ठांच्या स्थानिक केंद्रात जाऊन आम्ही अर्ज भरला. कुपनं हातात आली तेव्हा काकूंनी ती चष्मा लावून दोनदा मोजली आणि बाजारात गेल्यावर पहिल्यांदा दुधी घेतला. नखानं टोचून, कोवळा बघून, दोन परत ठेवून तिसरा.

नवऱ्याला २०२५च्या उन्हाळ्यात नोकरी लागली. उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं, आम्ही कळवलं आणि आमचं प्रकरण बंद झालं. शुक्रवारचा बाजार मात्र सुटला नाही. त्यामुळे त्या वर्षीचा नोव्हेंबर मी जवळून पाहिला. वॉशिंग्टनमधलं सरकारी कामकाज १ ऑक्टोबरपासून ठप्प होतं, आणि ज्यांच्या कार्डावर महिन्याच्या पहिल्या दिवसांत पैसे पडायचे, त्यांचे पडले नाहीत. माझी शेजारीण, दोन मुलांची आई, टेबलावर शिल्लक विचारून परत फिरली. तेव्हा मला या व्यवस्थेतली कमकुवत जागा दिसली. मॅचचे पैसे बाजाराकडे तयार होते, पण ते कार्डावरच्या पैशांच्या जोडीनं मिळतात. कार्डावर शून्य, तर दुप्पटही शून्य. तिला भाजी मिळाली नाही आणि मोंग बाईंची भाजी उरली. काही दिवसांनी पैसे आले, आणि १२ नोव्हेंबरला सरकारी कामकाजही पुन्हा सुरू झालं. पण ज्या आठवड्यात घरात सर्वांत जास्त ओढाताण होती, त्याच आठवड्यात मॅचचा उपयोग झाला नाही. अशा वेळी कार्डाकडे न बघता काही दिवस कुपनं देण्याची मुभा बाजारांना असायलाच हवी, असं मला ठामपणे वाटतं.

ज्यांना हे उपयोगी पडेल त्यांच्यासाठी एवढंच. कॅलिफोर्नियात असाल तर जवळचा कुठला बाजार कार्ड घेतो आणि कुठं मॅच मिळतो, हे इकॉलॉजी सेंटरच्या बाजार शोधण्याच्या संकेतस्थळावर बघता येतं. इतर अनेक राज्यांत अशाच योजना वेगळ्या नावांनी आहेत. बाजारात पोचल्यावर थेट शेतकऱ्याकडे जाऊ नका, आधी माहिती टेबल गाठा. उरलेली टोकनं जपून ठेवा, पुढच्या आठवड्यातही चालतात. मॅचच्या कुपनांवर मुदत असू शकते, ती टेबलावर विचारून घ्या. आणि घरात साठीपुढचं माणूस असेल, तर ज्येष्ठांच्या कुपनांची चौकशी मे महिन्यापासूनच करा, कारण ती मोजकी असतात आणि आधी येईल त्याला मिळतात. काकूंचं नाव आम्ही यंदा लवकर नोंदवणार आहोत.